परतीची वायर

“मैने, हातात मुंग्या शिरल्या गं माझ्या. रोप धरवंना.”

कांद्याच्या वाफ्यातून आलेली ती हाक मैनाच्या कानातून कधी गेलीच नाही. तेव्हा ती या घरात नवी होती, चुड्याचा हिरवा रंगसुद्धा उतरला नव्हता. आज खराडीत जिथं काचेच्या इमारती उभ्या आहेत, तिथं तेव्हा पोटरीभर चिखल असायचा. सासूबाई, दुर्गाबाई, वाफ्यात वाकून रोप लावत होत्या आणि लावता लावता गात होत्या. ओवी त्यांचीच, मळ्यातच जुळवलेली:

कांद्याचं रोप बाई, लाविते ओळी ओळी,
पाटाच्या पाण्यामधी सावली माझी भोळी.

मैना मागून जुड्या पुढं करत होती. मधेच ओवी तुटली. दुर्गाबाईंच्या बोटांतून रोप निसटलं आणि पाण्यावर तरंगत राहिलं. त्यांनी ते उचललं, पुन्हा निसटलं. मग त्यांनी मान वळवून सुनेला ते मुंग्यांचं सांगितलं आणि स्वतःच्याच वेंधळेपणावर हसल्या. हसताना ओठाचा एक कोपरा वर आला, दुसरा खालीच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्या अंथरुणातून उठल्या नाहीत. अर्धं अंग गेलं होतं. पुढं कित्येक वर्षं मागच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीखाली त्यांची खाट होती. मैनानं त्यांचं सगळं केलं. कूस बदलली, भात कुस्करून भरवला, पाठीच्या जखमांना तेल लावलं. दुर्गाबाईंचा एकुलता मुलगा बजरंग, म्हणजे मैनाचा नवरा, खोलीच्या दारात यायचा, चौकटीला हात टेकायचा. “जेवली का?” एवढंच विचारायचा आणि उत्तर यायच्या आत पायात चपला सरकवून मळ्याकडं निघायचा.

त्या गोष्टीला जमाना झाला. दुर्गाबाई गेल्या, मळा गेला, पाट बुजला. गावठाणातलं घर तेवढं राहिलं, आणि मागच्या त्याच खोलीत आता खानावळीचं स्वयंपाकघर झालं होतं. ‘दुर्गाई घरगुती खानावळ’ अशी पाटी दारावर होती. कंपन्यांतली पोरं पुढच्या ओसरीत बाकांवर बसून जेवायची. मैना भाकरी थापायची, भाज्या फोडणीला टाकायची. सून तनुजा फोनवर डब्यांच्या ऑर्डरी घ्यायची, ताटं वाढायची. मुलगा विश्वजीत कंपन्यांची गाडी चालवायचा आणि त्याच्या येण्याजाण्याला वेळकाळ नव्हता.

पूर्वेची खिडकी अजून होती, पण तिच्यातून आता पूर्व दिसत नव्हती. शेजाऱ्यानं भाड्याच्या खोल्यांची उंच इमारत चढवली होती आणि तिची भिंत खिडकीपासून हातभरसुद्धा लांब नव्हती. मिरचीची फोडणी टाकली की ठसका बाहेर जायला वाटच सापडायची नाही. तो खोलीतच घुटमळायचा. मैनाला त्याची सवय होती. पण तनुजाला दिवस गेले, आणि तिला खोकला लागला की ती पोटाला हात लावून भिंतीशी टेकायची.

“एक्झॉस्ट फॅन लावायलाच पाहिजे,” विश्वजीत एका सकाळी म्हणाला. “खिडकीत लावून उपयोग नाही, समोर भिंत आहे. सीलिंगला होल मारायचं आणि वर गच्चीवर पाइप काढायचा.”

वायरमन समाधान येऊन बघून गेला. स्टुलावर चढून त्यानं स्वयंपाकघरातल्या बोर्डाचं झाकण खोललं, टेस्टर लावला, आत डोकावला आणि जीभ टाळ्याला लावून चुकचुकला.

“या पॉइंटला फेज आहे, करंट येतोय, पण परतीची न्यूट्रल नाही. आतल्या आत तुटलीय कुठंतरी. पाइपात सिमेंट गेलंय, नवीन वायर सरकणार नाही. मीटरपासून भिंतीवरून पट्टी मारून नवी वायर आणावी लागेल. गणपती झाले की येतो.”

“गणपती झाल्यावर?” बजरंग म्हणाला. “आन् तोवर काय सुनंनं धूर खायचा?”

“दादा, सगळ्या मंडळांची लायटिंग माझ्या डोक्यावर आहे. देवाला अंधारात बसवू का?”

तो गेला. बजरंग त्याच्या पाठीकडं बघत राहिला. जमीन गेल्यापासून बजरंगला हातानं करायला काही उरलं नव्हतं. बाजार आणायचा, सिलिंडर लावायचा, ओसरीत बसून पोरांची ताटं मोजायची. मळ्यात असताना मोटर, स्टार्टर, केबल सगळं तो स्वतः बघायचा. कुणी वायरमन बांधावर आलेला त्याला आवडायचा नाही.

“पंखाच लावायचाय. रॉकेट न्हाई सोडायचं,” तो म्हणाला.

त्यानं भाड्यानं ड्रिल मशीन आणलं. स्लॅबवर कोळशानं गोल आखला आणि गोलाच्या कडेनं भोकामागून भोक पाडत गेला. मैना खालून स्टूल धरून उभी होती. सिमेंटची भुकटी तिच्या केसांत, पापण्यांत, कढयांवर घातलेल्या ताटांवर पडत होती. मग छन्नी-हातोडा. स्लॅबच्या पोटातले गज उघडे पडले, त्यातला एक बजरंगनं करवतीनं कापला. दुपार कलताना शेवटचं खापर खाली पडलं आणि खोलीत वरून आभाळाचा एक गोल तुकडा उतरला. त्या जागेत किती वर्षांनी थेट ऊन आलं होतं. ऊन जिथं पडलं तिथंच आत्याबाईंची, सासूला ती आत्याबाईच म्हणायची, खाट असायची. मैनानं तिथून पाय काढून घेतला.

बजरंगनं भोकात पाइप बसवला, वर गच्चीवर पावसासाठी पत्र्याची टोपी चढवली, खाली पंखा स्क्रूनं आवळला. वायरीचं काम दुसऱ्या दिवशी काढलं. पंख्याची एक वायर त्यानं बटणापाशी फेजला जोडली. दुसरी भिंतीवरून खाली आणली, पिठाच्या डब्यामागून नेली आणि सिंकच्या नळाचा लोखंडी पाइप जिथं भिंतीत शिरतो तिथं खरवडून, गुंडाळून, पट्टीनं आवळली.

“ही पायपाला कशाला?” मैनानं विचारलं.

“परतीची वायर. करंट आला की त्याला परत जायला वाट लागती. ही खाली जमिनीत जाती.” आणि तो हसला, फार दिवसांनी. “मळ्यात नव्हतो का ओल्या मातीत सळई ठोकून खोपीत बल्ब जाळत? तू त्याच उजेडात भाकऱ्या थापल्यात की.”

तिला ते आठवलं. सळईच्या बुडाशी बजरंग लोटाभर पाणी ओतायचा आणि बल्ब उजळायचा.

“समाधानला नगं सांगू,” तो म्हणाला. “उगं शहाणपणा शिकवत बसंल.”

बटण दाबलं. पंखा आधी घुरघुरला, मग एका लयीत फिरू लागला. तनुजानं मुद्दाम मिरची फोडणीला टाकली, आणि ठसका असा वर उठून गोलातून निघून गेला, की जणू कुणी बोट धरून नेला. “दादा, एक नंबर!” ती म्हणाली. बजरंग लाजला आणि हात धुवायला बाहेर गेला.

गणपती गेले. समाधान काही आला नाही, आणि आता त्याची कुणाला गरजही वाटत नव्हती.

पितृपक्ष लागायच्या सुमाराला अंगणातल्या नळाचा पाइप कुजून फुटला आणि पाणी उंबऱ्यापर्यंत आलं. प्लंबरनं फरशी उकरली, गंजलेला लोखंडी पाइप उपटून बाहेर टाकला आणि भिंतीपर्यंत पांढरा प्लास्टिकचा पाइप टाकून दिला. “हा शंभर वर्षं बघायला नको,” म्हणाला. स्वयंपाकघराच्या भिंतीतला लोखंडी तुकडा आणि नळ तेवढे जुने राहिले. बजरंग तेव्हा बाजारात गेला होता. आल्यावर त्यानं नवी फरशी बघितली, पायानं दाबून बघितली, आणि बरं झालं म्हणाला.

त्यानंतरच्या एका सकाळी मैना सिंकपाशी तांदूळ धूत होती. नळ बंद करायला तिनं हात लावला आणि बोटांच्या टोकांतून काहीतरी चालत आत शिरलं. बारीक, खूप पायांचं. मनगटापर्यंत आलं आणि थांबलं.

तिनं हात झटकला, पदराला पुसला, बोटं उघडमीट केली. सगळं ठीक होतं. तांदूळ शेगडीवर चढला. पण भाकरी थापताना तिचं लक्ष पिठात नव्हतं, हातात होतं. हात असा कधी बघितला नव्हता तिनं, परक्याचा असावा तसा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. उजव्याच हाताला. आत्याबाईंचाही उजवाच होता.

विजेचा झटका तिला ठाऊक होता. मळ्यात स्टार्टरला एकदा हात लागला होता तर तिला बैलानं शिंग मारावं तसं मागं फेकलं होतं. हे तसं नव्हतं. हे मऊ होतं, हळू होतं, अंगातूनच उगवल्यासारखं होतं. आणि त्याच सिंकपाशी तनुजा दिवसभर भांडी विसळायची, तिला काही होत नव्हतं. विश्वजीत तिथंच बूट घालून पाण्याची बाटली भरायचा, त्यालाही काही नाही. बजरंगही चपलेनिशी येऊन चूळ भरून जायचा. स्वयंपाकघरात चप्पल घालायची नाही हा दुर्गाबाईंचा दंडक होता, पण आता तो एकटी मैनाच पाळायची. अन्न शिजतं तिथं पायतण कसं न्यायचं? तनुजाला डॉक्टरनं थंड फरशीवर अनवाणी फिरू नको म्हणून सांगितलं होतं. तिच्या पायात जाड रबरी सपाता असायच्या, त्यांचा फटक फटक आवाज घरभर फिरायचा.

म्हणजे दोष नळाचा नव्हता. आपल्याच अंगाचा होता. मैनानं तसं मनाशी धरलं, आणि त्या दिवसापासून भीती तिच्याबरोबर उठू-बसू लागली.

पहाटे सगळ्यांच्या आधी ती मोरीतल्या छोट्या आरशासमोर उभी राहायची आणि हसून बघायची. दोन्ही कोपरे वर येतात का? यायचे. मग हळू आवाजात ओवी म्हणायची, कांद्याचं रोप बाई, लाविते ओळी ओळी. त्या ‘ओळी ओळी’वर आत्याबाईंची जीभ शेवटी अडखळायची, ‘ओई ओई’ व्हायचं, आणि त्या डोळ्यांतून पाणी काढायच्या. मैनाची जीभ अडखळत नव्हती. तेवढ्यापुरतं हायसं वाटायचं. मग ती सिंकपाशी जायची, आणि मुंग्या वाट बघतच असायच्या.

एका गुरुवारी परिसरात दुरुस्तीसाठी दिवसभर वीज नव्हती. त्या दिवशी हाताला काहीसुद्धा झालं नाही. तिनं नळ धरला, सोडला, पुन्हा धरला. हात आपलाच होता. तिला वाटलं, देवीनं ऐकलं. संध्याकाळी लाइट आली, पंखा घुरघुरला, ती भांडी घासायला सिंकपाशी गेली, आणि उलट्या पावलांनी सगळं परत आलं. रुसली वाटतं, मैनानं मनात म्हटलं.

पाऊस सरला, ऑक्टोबरचं ऊन भाजू लागलं. भिंतींची ओल वाळत गेली तसा पंखा मंदावला आणि धूर पुन्हा खोलीत रेंगाळू लागला. “चिकटा बसला असंल पात्यांना,” बजरंग वर बघून म्हणाला. “दसऱ्याला साफ करतो.” आणि मैनाच्या मुंग्या मनगट सोडून कोपरापर्यंत चढल्या. आता त्या चावत होत्या. नळाला ओल्या फडक्यानं हात लावला तर दंडाची शीर ताठ व्हायची.

एका दुपारी ओसरी भरलेली होती. आमटीत पाणी वाढवायला तिनं एका हातानं पातेलं सिंकवर धरलं आणि दुसऱ्यानं नळ धरला. दंड एकदम आवळला, पातेलं निसटलं आणि फरशीवर आपटून आमटी दारापर्यंत वाहत गेली. बाकांवरची पोरं जेवता जेवता थांबली.

“काकू, आज डाळ थेट होम डिलिव्हरी काय?” एक जण म्हणाला. बाकीचे हसले. वाईट नव्हती पोरं, पण हसली.

बजरंग धावत आला. “अगं, हातात जीव हाय का न्हाई तुझ्या?”

त्याला काय माहीत आपण काय बोललो. मैना खाली बसली आणि फडक्यानं आमटी टिपू लागली. जीव हाय का न्हाई. तिनं मान वर केली नाही, कारण वर केली असती तर त्या क्षणी सांगून बसली असती.

“आई, तुमचा हात दुखतो का?” रात्रीची भाजी निवडताना तनुजानं विचारलं. “मी बघतेय. तुम्ही उजव्या हातानं वाटीसुद्धा धरत नाही हल्ली. माझ्या डॉक्टरांकडे जाऊ या ना.”

“काय न्हाई गं. लचकलाय.”

“मग मालिश करून देऊ?”

“नगं म्हणलं ना!” मैना खेकसली. तनुजाचा चेहरा पडला. या पोरीवर ती कधी आवाज चढवत नसे. पण त्या पोरीनं हात हातात घेतला असता तर मैनाला रडू आलं असतं, आणि रडू आलं की सगळं बाहेर आलं असतं. पोटुशी सून, तिच्या पुढ्यात आणखी एक खाट टाकायची? त्या खोलीत, त्या खिडकीखाली? आत्याबाईंच्या खाटेचा वास अजून तिच्या नाकात होता. ओल्या गोधडीचा, खोबरेल तेलाचा.

नवरात्र बसलं. देव्हाऱ्यात घट मांडला, मातीत गहू उगवले, वर कडाकण्यांचा फुलोरा बांधला. अष्टमीला या घराचा एक नेम होता. देवीच्या पुरणाचा नैवेद्य घरच्या बाईनं ओलेत्यानं करायचा. अंगावर पाणी घ्यायचं आणि निथळत्या लुगड्यानिशी, अनवाणी, कुणाला न शिवता स्वयंपाकघरात यायचं. तांब्यात नवं पाणी भरायचं आणि तिथून सगळं सुरू करायचं. दुर्गाबाई अंथरुणाला खिळल्यापासून हे मैनाच करत आली होती.

सप्तमीला ती घाबरीघुबरी होऊन देव्हाऱ्यापुढं बसली. नैवेद्य हातातून पडला तर? देवीच्या पुढ्यात पडला तर?

तनुजा तिच्या शेजारी येऊन बसली. “आई, उद्याचा नैवेद्य मी करते. ओलेत्यानं.”

“तू? अशा दिवसात? गारठशील.”

“एवढ्या उकाड्यात कसली गारठते. तुमचा हात बरा नाही. आणि एवढं तरी करू दे मला. नाहीतर सगळे म्हणतील सून आली हडपसरची, नुसती फोन घेते.”

नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. “बरं,” ती म्हणाली.

अष्टमीची सकाळ उजाडली. खानावळ बंद होती. ओसरीत बजरंग तोरणासाठी झेंडूची फुलं ओवत बसला होता. मैनानं डाळ शिजायला घातली होती आणि तिची वाफ कोंडायला लागली म्हणून पंखा लावला होता. पंखा दमल्यासारखा फिरत होता. मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. तनुजा अंगावर तांब्यानं पाणी घेत होती.

नैवेद्याला शिवाशिव नको म्हणून मैना दारातच, उंबऱ्याबाहेर बसली होती. मांडीवर ठेवलेल्या आपल्या हाताकडं ती बघत होती. एवढ्यात गच्चीकडून ते भुरं मांजर आलं, रोज येतं ते. ओट्यावर उडी मारून सिंकच्या ओल्या पत्र्यात उतरलं. नळाच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता. मांजरानं मान उंच केली, जीभ काढली आणि थेंब चाटला.

चिरकल्यासारखा एक आवाज झाला. मांजर हवेत वाकडं उडालं, ओट्यावर आपटलं, तिथून खाली, आणि शेपटी फुगवून मैनाच्या पायावरून बाहेर पळालं.

मैना बसल्या जागी राहिली. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मांजराला कुठला लकवा?

तिनं नळाकडं बघितलं. नळ गप्प होता, पुन्हा एक थेंब धरून. तिथून तिची नजर मागच्या पाइपावर गेली, पाइपावरून पिठाच्या डब्यामागं, डब्यामागून भिंतीवर चढत गेलेल्या काळ्या वायरीवर, वायरीवरून वर, स्लॅबमधल्या त्या गोलात फिरणाऱ्या पंख्यावर. ही खाली जमिनीत जाती, बजरंग म्हणाला होता. पण जमिनीत जाणारा पाइप तर प्लंबरनं उपटून रस्त्यात टाकला होता. करंटाला परतायची वाट उरली ती नळ धरणाऱ्याच्या अंगातूनच. आणि गुरुवारी लाइट नव्हती. देवी रुसली नव्हती, काही नाही. लाइट नव्हती.

मोरीचं दार वाजलं.

तनुजा आली. केसांतून, पदरातून, निऱ्यांतून पाणी गळत होतं. तिच्या अनवाणी पावलांचे ओले ठसे फरशीवर उमटत होते. कुणाला शिवायचं नाही म्हणून ती अंग चोरून मैनाच्या बाजूनं आत गेली, हसली, बोलायचं नसतं म्हणून नुसती मान हलवली. डाव्या हातात तांब्याचा तांब्या, उजवा हात नळाकडं. मागं पाण्याची एक रेघ राहत होती, थेट सिंकपर्यंत.

मैनानं तोंड उघडलं. आवाज आला नाही. जीभ टाळ्याला चिकटून बसली होती, आणि तेवढ्यातही ती जुनी भीती डोकं वर काढून म्हणाली, गेली, जीभ गेली.

तनुजाची बोटं नळाच्या अगदी जवळ गेली होती.

“पोरी, हात मागं घे!”

तो आवाज आपला आहे हे मैनाला कळलंच नाही. मळ्याच्या या बांधावरून त्या बांधावर मारावी तशी हाक होती ती. तनुजा दचकली, तांब्या हातातून सुटून खणखणत गेला. मैना आत धावली होती. तिनं पोळपाटावरचं कोरडं लाटणं उचललं आणि त्याच्या टोकानं पंख्याचं बटण बंद केलं. पंखा घुरघुरला, गोल घेत घेत थांबला.

“आई? शिवलात ना मला. सगळं मोडलं,” तनुजा रडवेली झाली. मैनानं तिला दोन्ही हातांनी धरून सिंकपासून मागं ओढलं होतं आणि सोडत नव्हती. दोघीही ओल्या झाल्या होत्या.

“नळात करंट हाय,” मैना म्हणाली. “नळात हाय.”

बजरंग झेंडूची माळ हातात घेऊनच आला होता. “खुळी झालीस काय? नळात कुठनं येईल?”

“टेस्टर आणा.”

“अगं पण…”

“टेस्टर आणा म्हणते ना मी!”

या घरात तिनं त्याला असं कधी सांगितलं नव्हतं. तो गेला. खणातून टेस्टर घेऊन आला. तिनं सुनेला उंबऱ्याबाहेर उभं केलं, लाटण्यानंच बटण पुन्हा लावलं. पंखा फिरू लागला. बजरंगनं टेस्टरचं टोक नळाला लावलं.

टेस्टरच्या काचेत लाल ठिणगी पेटली. पेटून तशीच राहिली, देव्हाऱ्यातल्या वातीसारखी स्थिर.

डाळ रटरटत होती. बजरंगनं टेस्टर काढला, पुन्हा लावला, जणू चुकून लागलं असावं. पुन्हा पेटला. त्यानं सिंकच्या पत्र्याला लावला. तिथं पेटला नाही.

मैनानं बटण बंद केलं. त्यानं बाहेर जाऊन मीटरवरचा मेन फ्यूज काढला. आला तो पिठाचा डबा सरकवून गुडघ्यांवर बसला. पाइपाला आवळलेली पट्टी सोडवू लागला. स्क्रू दोनदा हातातून निसटला. वायर सुटली तेव्हा ती हातात घेऊन तो तसाच फरशीवर बसून राहिला. पाठमोरा, खिडकीखाली, आईची खाट असायची तिथं. तनुजाच्या ओल्या पावलांचे ठसे त्याच्या समोरून सिंककडं गेले होते, आणि शेवटचा ठसा सिंकच्या अगदी पुढ्यात थांबला होता. तो त्या ठशाकडं बघत होता.

“मीच बांधली ही,” तो म्हणाला. “समाधानला सांगू नगं म्हणलो. माझ्या हातानं…” तनुजा दारात पदर पिळत उभी होती, एक हात पोटावर.

“जा बाई, कपडे बदल,” मैना तिला म्हणाली. “देवी थांबंल.”

ती गेल्यावर बजरंगनं मान वळवली. त्याचा चेहरा सिमेंटची भुकटी उडावी तसा पांढरा पडला होता.

“तुला कधी लागलं न्हाई ना?” त्यानं विचारलं. विचारताना त्याच्या डोळ्यांत असं काही होतं, की तिनं नाही म्हणावं म्हणून तो हात जोडायचाच राहिला होता. “तू तर दिसभर हितंच असतीस. अनवाणी. लागलं न्हाई ना कधी?”

नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर त्यानं श्वास सोडला असता, उठला असता, समाधानला फोन लावला असता. मैना त्याच्यासमोर खाली बसली. तिनं उजवा हात पुढं केला आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवला. बोटं उघडी, तळवा वर.

“लागायचं,” ती म्हणाली. “पितरांच्या दिवसापास्नं लागत हुतं. रोज. मुंग्या शिरायच्या हातात. मला वाटलं, आत्याबाईंसारखं माझं अंग चाललं. आता माझी खाट हितं पडणार.”

“मग बोलली का न्हाईस, मैना? एवढे दिस? मला का न्हाई सांगितलंस?”

तिनं त्याच्याकडं बघितलं. मग ती बोलली, हळू, एकेक शब्द नीट उच्चारत, जीभ शाबूत असल्याची खात्री करत बोलावं तसं.

“तुम्ही आत्याबाईंच्या खाटेपाशी कधी बसला न्हाई. एक दिस बी न्हाई. दारातनं इचारायचात, जेवली का, आन् जायचात. मी ते समदी वर्सं बघितलं. म्हणून न्हाई बोलले. मला वाटलं, माझ्या बी दारात तुम्ही तसंच उभं राहाल.”